एक औंस पॅलेडियम : घेताना किती, विकताना किती?

पॅलेडियमचं नाणं घ्यायचं मनात असेल, तर विक्रेत्याला आधी एवढंच विचारा : "हेच नाणं आज संध्याकाळी तुम्हाला परत विकलं, तर किती द्याल?" खरेदी आणि विक्रीच्या या दोन आकड्यांमधलं अंतर हाच या गुंतवणुकीचा मोठा खर्च असतो. सोन्याच्या नाण्यात तो बेताचा असतो, पॅलेडियममध्ये चांगलाच जाणवतो, कारण इथे घेणारे कमी आणि विकत परत घेणारे त्याहून कमी.

नावाजलेली नाणी दोन. कॅनडाच्या टांकसाळीचं मेपल लीफ 2005 पासून निघतं. अमेरिकेचं ईगल 2017 पासूनचं, त्यावर पंखांची टोपी घातलेली लिबर्टी आहे. दोन्ही एका ट्रॉय औंसाची, म्हणजे 31.1 ग्रॅमची, आणि 99.95 टक्के शुद्ध. ईगलवर 25 डॉलर आणि मेपल लीफवर 50 डॉलर छापलेले असतात. त्या आकड्यांचा बाजारभावाशी काही संबंध नाही. ईगल मोजकीच पाडली जातात (पहिल्या वर्षी साधी 15,000), त्यामुळे त्यांच्यावर जादा पैसे मोजावे लागतात. संग्राहकांसाठीची चकचकीत 'प्रूफ' नाणी तर आणखी महाग. धातूत पैसे गुंतवायचे असतील तर मेपल लीफ किंवा नामांकित रिफायनरीचं बिस्कीट बरं.

आता हिशेब करू. समजा, औंसाचा भाव 1,000 डॉलर आहे. विक्रेता त्यावर 8 टक्के लावतो आणि परत घेताना भावापेक्षा 4 टक्के कमी देतो. तुम्ही 1,080 मोजले. मुद्दल सुटायला भाव 1,125 व्हायला हवा, म्हणजे साडेबारा टक्के वाढ. अमेरिकेत काही राज्यांचा विक्रीकर यावर वेगळा लागतो, तेव्हा आपल्या राज्याचा नियम आधी पाहा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथे गुंतवणुकीच्या सोन्याला व्हॅट माफ आहे, पॅलेडियमवर मात्र 20 टक्के. तेच नाणं 1,296 ला पडतं आणि बरोबरीला यायला भाव 1,350 लागतो. नाणं घरी आणायचं असेल, तर तिथे हा सौदा मला पटत नाही. बॉन्डेड वॉल्टमध्ये ठेवलं तर व्हॅट टळतो, पण भाडं आणि विमा दरवर्षी चालूच राहतो.

भारतात जुलै 2024 च्या अर्थसंकल्पाने पॅलेडियमवरचं आयात शुल्क 15.4 वरून 6.4 टक्क्यांवर आणलं. वर 3 टक्के जीएसटी. तरीही खरी अडचण कराची नाही, गिऱ्हाइकाची आहे. सराफाला पॅलेडियम माहीत असतं ते व्हाइट गोल्डमध्ये मिसळायचा धातू म्हणून. नाणं घेऊन गेलात तर तो भाव पाडूनच मागणार. आपल्याकडे सोन्या-चांदीचे ईटीएफ आहेत, पॅलेडियमचा नाही. न्यूयॉर्कच्या बाजारात 2010 पासून असलेल्या ईटीएफचा वार्षिक खर्च 0.60 टक्के आहे. इथून तो घ्यायचा तर रुपयाचे डॉलर करण्याचा खर्च त्यात धरा आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवायला विसरू नका.

एवढा खर्च सोसून हाती काय येतं, हेही पाहायला हवं. पॅलेडियमचा चार-पंचमांशाहून जास्त खप पेट्रोल गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये होतो आणि खाणींतला बहुतेक माल रशिया आणि दक्षिण आफ्रिकेतून येतो. गिऱ्हाईक एकच आणि पुरवठादार दोन, म्हणून भाव वेडेवाकडे हलतात. जानेवारी 2001 मध्ये तो 1,000 डॉलरच्या वर गेला आणि 2003 मध्ये 200 च्या खाली आला. चढ्या भावात साठा करून बसलेल्या फोर्डला सुमारे 1 अब्ज डॉलरचा फटका बसला, आणि या धातूचं रोजचं काम असलेली ती कंपनी होती! मार्च 2022 मध्ये, युक्रेन युद्ध सुरू होताच, भाव 3,400 च्या पुढे गेला. दोन वर्षांत तो पुन्हा 1,000 च्या आसपास होता. विजेच्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागतच नाही, हेही ध्यानात असू द्या. मुलांच्या फीचे किंवा घराच्या हप्त्याचे पैसे यात घालू नयेत, असं मी आग्रहाने सांगेन.

तरीही घेतलंत, तर मेपल लीफचं प्लास्टिकचं सीलबंद पाकीट फोडू नका. उघडं नाणं परत घेताना विक्रेता तपासणीचे पैसे कापू शकतो. पावती जपा, नफ्यावरचा कर खरेदीच्या किमतीवरून ठरतो. अमेरिकेत वर्षाहून जास्त ठेवलेल्या अशा धातूवरच्या नफ्याला 28 टक्क्यांपर्यंत कर लागतो, शेअरच्या नफ्यासारखा 20 टक्क्यांवर थांबत नाही.