पाऊण इंचाची जात

निवृत्तीनंतर देवबागला राहायला आलो आणि सोळा फुटी फायबरची होडी घेतली. तिच्या पाठीला २५ हॉर्सपॉवरचं चार-स्ट्रोक मशीन. वाटलं होतं, आता शिकायचं ते वारा, भरती-ओहोटी, कर्ली नदीच्या मुखाशी सरकणारी वाळू. तेही थोडंफार शिकलो. पण सगळ्यात जास्त शिकवलं ते पाण्याच्या नळीच्या टोकाला असलेल्या बोटभर तुकड्यानं.

१. समुद्र मशीनला मारत नाही, वाळलेला समुद्र मारतो. खालच्या जाळीतून खारं पाणी आत ओढलं जातं, रबराचा इंपेलर ते वर ढकलतो, मशीन थंड करून ते बाहेर पडतं. चालू आहे तोवर सगळं वाहतं. मशीन बंद झालं की आत अडकलेलं पाणी हळूहळू आटतं आणि मीठ तिथंच बसतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते साधारण ३५ ग्रॅम असतं. म्हणून दर फेरीनंतर गोड्या पाण्यानं आतून धुवायचं. हे मी पुस्तिकेत पहिल्याच दिवशी वाचलं आणि मला पटलं दुसऱ्या वर्षी. मागच्या बारीक भोकातून उडणारी पिचकारी सुतासारखी झाली, मिस्त्रीनं थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं, आत डोकावला आणि म्हणाला, "काका, मिठागर घातलास काय?"

२. धुणं टाळायचो ते आळसामुळे, असं बायकोचं मत होतं आणि काही दिवस माझंही. खरं कारण वेगळं निघालं. संध्याकाळी परतायचं, अंग खारावलेलं, डास सुरू झालेले. अशा वेळी ओणवं होऊन मशीनच्या पोटाशी नळी आट्यांत बसवायची. नळी वीस मीटर लांब, उन्हानं कडक झालेली. टोक फिरवलं की अख्खी नळी अजगरासारखी पीळ घेते, आणि हात सुटला की जेवढे आटे बसले तेवढे परत सुटतात. मिनिटाचं काम, पण त्या एका मिनिटाला घाबरून मी 'उद्या सकाळी' म्हणायचो. मग टक्‌ करून बसणारा जोड आणला. एक बोंडी मशीनच्या बाजूला, तिच्यावर बसणारी टोपी नळीच्या टोकाला. ढकललं की बसतं, मागची कडी ओढली की सुटतं. ही जात १९६८ साली जर्मनीच्या गार्डेना कंपनीनं बाजारात आणली, ती बागेला पाणी घालणाऱ्यांसाठी. त्यानंतर माझी एकही संध्याकाळ चुकली नाही. चाळीस वर्षं बँकेत शिस्तीचा म्हणून मिरवलो. त्या शिस्तीतली किती माझी होती आणि किती शिपायानं फाइल हातात आणून दिल्यामुळे होती, याचा हिशेब तेव्हा पहिल्यांदा मांडला. तो फारसा बरा नव्हता.

३. पाऊण इंच म्हणजे पाऊण इंच नव्हे. पहिला जोड भाच्यानं न्यू जर्सीहून आणला होता, पितळी, देखणा. मशीनवर लोण्यासारखा बसला. त्याचीच दुसरी बाजू अंगणातल्या नळावर लावायला गेलो तर दीड आटा गेला आणि अडकला. मला वाटलं, नवा आहे म्हणून घट्ट आहे. पान्हा आणला. त्यात नळाचे आटे मेले. मग कुडाळच्या लेथवाल्याकडे गेलो. त्यानं दोन्ही तुकडे उजेडात धरले, नखानं आटे मोजले आणि म्हणाला, "दोनय पाऊण इंचच, पण जात वेगळी." अमेरिकन बागेच्या नळीला इंचात साडेअकरा आटे, आपल्याकडच्या ब्रिटिश वळणाच्या नळाला चौदा. बाहेरचा व्यास एकाचा २७ मिलिमीटर, दुसऱ्याचा जेमतेम साडेसव्वीस. डोळ्यांना फरक दिसत नाही, म्हणून तर माणूस जोर लावतो. त्यानं तासाभरात एक जोडतुकडा कातून दिला, एका अंगाला अमेरिका, दुसऱ्या अंगाला कुडाळ. आजवर थेंब गळलेला नाही.

४. गळती आवळून थांबत नाही. पाणी अडवतो तो आतला रबरी वायसर, आटे नव्हेत. हातानं बसेल तेवढंच बसवायचं. हे समजेपर्यंत प्लॅस्टिकच्या तीन टोप्या फोडल्या. आणि वायसर कुठं होता? पहिल्याच दिवशी वाळूत पडला होता.

५. खाऱ्या हवेत दोन धातूंचं लग्न लावू नये. हलका म्हणून ॲल्युमिनियमचा जोड घेतला आणि पितळेवर चढवला. पावसाळ्याचा जोर ओसरल्यावर, नारळी पौर्णिमेनंतर बघतो तर दोघं एकजीव. पितळ साजूक, ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीनं फुगलेलं. हॅकसॉनं घटस्फोट दिला.

६. धुण्याच्या दोन रीती आहेत आणि मी त्यांची सरमिसळ केली. खालच्या जाळ्यांवर हेडफोनसारख्या रबरी वाट्या लावून धुवायचं, तर आधी पाणी सोडायचं आणि मशीन न्यूट्रलमध्ये मंद चालू ठेवायचं. वरच्या तोंडातून धुवायचं, तर माझ्या मशीनची पुस्तिका सांगते, मशीन बंद. वरून येणारं पाणी खालच्या इंपेलरला भिजवेलच असं नाही, आणि तो रबर पाण्याविना फिरला की जळतो. टक्‌चा नवा उत्साह होता. 'चालू ठेवलं तर आणखी स्वच्छ धुतलं जाईल' असं मीच ठरवलं. इंपेलर बदलताना त्याची पाती बघितली, कडा करपलेल्या पापडासारख्या झाल्या होत्या.

७. जे सहज बसतं ते सहज विसरलंही जातं. ज्या तोंडातून आपण पाणी आत घालतो, ते धुऊन झाल्यावर परत त्याच्या जागी आवळून बसवावं लागतं. नाहीतर समुद्रावर मशीनला थंड करणारं पाणी तिथूनच बाहेर गळतं. मी बोंडी कायमची मशीनवर ठेवली होती आणि तिच्यावर बंद टोपी टक्‌ करून लावायचो. एकदा टक्‌ झालं असं वाटलं, झालं नव्हतं. साडू, त्यांची सून, दोन नातवंडं होडीत. मी सिंधुदुर्गाकडे हात करून सांगतोय, १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर बांधकाम सुरू केलं वगैरे, आणि मशीन किंचाळायला लागलं. बंद केलं. नातवानं विचारलं, "आजोबा, हा कसला आवाज?" शेजारच्या तांडेलानं दोरी टाकून ओढत आणलं. वाटेत तो एक शब्द बोलला नाही, हे जास्त लागलं. तेव्हापासून मशीनचं तोंड त्याच्या मूळ आट्यांवरच परत जातं. बोंडी तेवढी धुताना लावायची. ती हलकी, तिच्यामागे वीस मीटरचा अजगर नाही, त्यामुळे फिरवायला त्रास नाही. हरवू नये म्हणून नायलॉनच्या दोरीनं टाकीच्या तोटीला बांधली आहे.

८. माझं गोडं पाणी गोडं नव्हतं. देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. इथल्या माझ्या विहिरीचं पाणी एप्रिल सरता सरता मचूळ होतं. चहा फाटायला लागला की आम्ही प्यायचं पाणी दुसरीकडून आणायचो, पण मशीनला तेच विहिरीचं. तीन उन्हाळे मी मीठ पातळ मिठानं धूत होतो, तेही इतक्या भक्तिभावानं. चहापुरती असलेली जीभ कामाला लावायचं डोक्यात आलं नाही. तिकडे किल्ल्यात, भर समुद्रात, दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या विहिरी; आणि इकडे जमिनीवर माझी ही. आता मे महिन्यासाठी पागोळीचं पाणी टाकीत धरून ठेवतो. पुरत नाही. बायको विचारते, झाडं की मशीन?

९. तांडेल या भानगडीत कधी पडला नाही. त्याच्याकडे कापलेलं निळं पिंप. त्यात गोडं पाणी भरायचं, मशीन आत बुडवायचं, पाच मिनिटं मंद चालवायचं. जोड नाही, आटे नाहीत, वायसर नाही. मी नवीन असताना विचारलं होतं, रोज कशाला एवढं? तर म्हणाला, "दर्यातसून इल्यावर आपण आंघूळ करतो मां? मगे तेका?" परवा धूत होतो, तेव्हा तो कुंपणाशी थांबला. मी जोड त्याच्या हातात दिला. त्यानं बसवला, कडी ओढून सोडवला, परत बसवला. तीन-चारदा टक्‌ टक्‌ केलं, पोरं पेनाशी खेळतात तसं. मग "बरा हा" म्हणून माझ्या हातात ठेवला आणि पिंप भरायला गेला.