शाळा मुलाच्या अंगणात



गावात नवा शिक्षक आला की आपण त्याला निरखून पाहतो. कुठला, कोणाचा, राहणार कुठे, हे विचारतो. तोही आपल्याकडे पाहत असतो. पाठ कसा द्यावा, फळ्यावर अक्षर कसे काढावे, हजेरी कशी भरावी, हे तो शिकून आलेला असतो. पण मुलाशी मन कसे जुळवावे, हे त्याला तुमच्या गावातच शिकावे लागते.

आम्ही पुष्कळ वर्षे हेडमास्तरकी केली. नवे शिक्षक आले आणि गेले. त्यांत दोन तऱ्हा दिसल्या. एक म्हणे, “पोरं येत नाहीत, त्याला मी काय करू?” दुसरा विचारी, “पोरं का येत नाहीत?” दुसऱ्याचा वर्ग हळूहळू भरत जाई.

हा दुसरा प्रश्न विचारणाऱ्या दोन बायांची हकीकत आज वाचू.

बोर्डीचे अंगण

डहाणू तालुक्यात समुद्रकाठी बोर्डी गाव आहे. जिल्हा तेव्हा ठाणे होता, आता पालघर. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तिथे लहान मुलांच्या शिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या.

ताराबाई नवख्या नव्हत्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी हेच काम केले होते. मुंबईत दादरला शिशुविहार चालवले होते. पण शहर निराळे, खेडे निराळे. बोर्डीत त्यांनाही पहिल्यापासून शिकावे लागले.

बालवाडी उघडली. बऱ्या स्थितीतल्या घरांची मुले आली. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली मुले मात्र येईनात. शिवाशिवीचा धाक पिढ्यान्‌पिढ्या मनात बसलेला. आईबाप पोटामागे कामावर गेलेले. मुलांना आणणार कोण?

तेव्हा बाईंनी बालवाडीच वस्तीत नेली. अंगणात मुले गोळा केली. त्यांचे हातपाय धुतले, केस विंचरले. मग गाणी, गोष्टी आणि खेळ सुरू झाले. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी!

भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी बालविकासाची मोठी योजना सुरू केली. तिच्यातून गावोगावी जी केंद्रे निघाली, त्यांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

कोसबाडचे कुरण

पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली आदिवासींचे पाडे. मुलगा थोडा मोठा झाला की गुरांमागे जाई. मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेई. शाळेत बसायला सवड कोणाला?

मग शिक्षक कुरणात गेले. गुरे चरत आणि मुले तिथेच शिकत. ही कुरणशाळा. मुलींसाठी दुसरी युक्ती काढली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवली. तिला विकासवाडी म्हणत. तान्हे भावंड पाळणाघरात राही आणि ताई वर्गात बसे. मुलीला शिकायचे नव्हते असे नाही, बरं का. तिचे हात मोकळे नव्हते.

महागडी साधने परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे यांवर शिक्षण चाले. बिया मुलाच्या ओळखीच्या असतात. त्या मोजता मोजता अंकाचीही ओळख होते.

बोलीचेही तसेच आहे. वारली मुलांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून वेगळी. पुस्तकी शब्द ऐकून असे मूल गप्प बसते. नव्या शिक्षकाला वाटते, मूल मंद आहे. पण त्याला शब्द परका असतो. शिक्षकाने आधी मुलाचे शब्द शिकावे, मग आपले द्यावे.

शिकवणाऱ्याने शिकत राहावे

अनुताईंचे लग्न लहानपणी झाले आणि थोड्याच दिवसांत वैधव्य आले. तरी त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. नोकरी सांभाळून रात्रशाळेत गेल्या, मॅट्रिक झाल्या. १९६१ साली त्यांनी पदवी घेतली. तेव्हा त्यांचे वय ५१ होते. “आता या वयात काय शिकायचे?” असे ज्यांना वाटते, त्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

आम्ही आमच्या नव्या शिक्षकांना एक वही ठेवायला सांगत असू. रोज शाळा सुटल्यावर तीन ओळी लिहायच्या. आज कोण आले नाही? कोण गप्प बसले? कोणता पाठ जमला नाही? महिन्याभराने वही चाळली की कारणे दिसू लागतात. बाजाराच्या दिवशी ठरावीक मुले नसतात. सुगीत अर्धा वर्ग रिकामा असतो. मागच्या कोपऱ्यातल्या मुलाला फळ्यावरचे दिसतच नसते. मग शिक्षक पोरांवर चिडत नाही, उपाय शोधतो. जुन्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसून तो कसे शिकवतो तेही पाहतो.

यात आपले काम काय?

तुम्ही म्हणाल, हे गुरुजींना सांगा, आम्हाला कशाला? तर ऐका.

आज कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण तुमचे मूल घरी का राहते, हे शिक्षकाला कायदा सांगत नाही. ते तुम्हीच सांगायचे. त्याला घरी बोलवा. चहा द्या. मूल गुरांमागे जात असेल तर “आजारी आहे” म्हणू नका. खरे कारण सांगा. लाजू नका. खरे कारण कळले तर वाट निघते.

दुसरी गोष्ट. तुम्ही आता वाचू लागलात. पण घरात किंवा शेजारी कोणी अजून अंगठा उठवत असेल. उद्या पाटी घेऊन तुम्ही त्या माणसाजवळ बसाल, तेव्हा तुम्हीच नवे शिक्षक व्हाल. त्याच्या कामाची वेळ ओळखा. भाकऱ्या भाजून होऊ द्या, गुरांना वैरण पडू द्या, मग बसा. आधी त्याचे स्वतःचे नाव शिकवा. चुकले तर हसू नका. पाटी तुमच्या हाती पहिल्यांदा आली तेव्हा बोटे कशी अवघडली होती, ते तुम्हाला ठाऊक आहे. तेवढी आठवण ठेवली तरी शिकवणे सोपे जाईल.

विचार करा

१. तुमच्या वस्तीतले कोणते मूल शाळेत जात नाही? खरे कारण काय?
२. ते कारण दूर करण्यासाठी गावाला काय करता येईल?
३. या महिन्यात तुम्ही कोणाला सही करायला शिकवाल? त्याचे नाव वहीत लिहा.