रस्ता आमच्याच वावरात कसा वळला

माझ्या माहेरचे वावर ज्या शहराच्या हद्दीत गेले, त्याचे नाव इथे लिहीत नाही. त्या शहराचा विकास आराखडा अजून मंजुरीसाठी शासनाकडे पडून आहे आणि भावाला त्याच कार्यालयाच्या पायऱ्या चढायच्या आहेत. पण सेलूच्या लोकांनी हे जरूर वाचावे. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला, सिंदी रेल्वेला ड्राय पोर्टचे काम निघाले. जमिनीला भाव आला की मागोमाग नकाशे येतात.

तिथला प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा १८ मीटरचा रस्ता जुन्या पांदणीवरून, शेजाऱ्याच्या धुऱ्याने सरळ दाखवला होता. आमचे वावर हिरव्या पट्ट्यात होते. फक्त विद्यमान जमीन वापराच्या नकाशात आमची संत्र्याची बाग आणि विहीर 'पडीक' म्हणून रंगवली होती. तेवढ्यावर आम्ही मुदतीत हरकत दिली. सात-बारा, मोजणीची 'क' प्रत, विहिरीचे फोटो, सगळे जोडले. आवक क्रमांक आणि शिक्का मारलेली पोचही घेतली.

सुनावणीला नाव पुकारलेच नाही. आम्हीच आत गेलो तर कारकून म्हणाला, "ताई, तुमची हरकत यादीत नाही." मी पोच टेबलावर ठेवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि साहेबांकडे सरकवली. साहेबांनी मान वर न करता विचारले, "सात-बारावर नाव आहे का तुमचे?" होते. वडील गेल्यावर आम्हा भावंडांची नावे फेरफार करून लावली आहेत. तोही कागद पुढे केला. "बरं, नोंद घेतो," एवढे बोलून त्यांनी पुढच्याला बोलावले. बागेबद्दल, विहिरीबद्दल एक शब्दही विचारला नाही.

उठताना टेबलावर पसरलेल्या नकाशाकडे लक्ष गेले. भिंतीवरच्या नकाशात रस्ता पांदणीवर होता. टेबलावरच्या प्रतीत तो पेन्सिलीने आमच्या वावरात वळवलेला होता, थेट विहिरीवरून. उरलेल्या तुकड्यावर उद्यानाचे आरक्षण आणि शेजारच्या वावराला पिवळा, म्हणजे रहिवासी वापराचा रंग. माझे हातपाय गार पडले. हे काय म्हणून विचारले तर कारकुनाने नकाशा गुंडाळला. "ते कच्चं आहे, ताई."

तेच कच्चे पुढे पक्के होऊन शासनाकडे गेले. 'हरकती विचारात घेऊन बदल' असा शेरा त्यावर आहे. कुणाच्या हरकती? शेजारी त्या दिवशी तिथे दिसलाही नव्हता. त्याच्या वावराचा इसार प्लॉटिंगवाल्याने आधीच दिला होता, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. कागद घेऊन उभे राहिलो आम्ही आणि विहीर गेली आमची. याला मी योगायोग म्हणणार नाही.

आता उपयोगाचे सांगते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप आराखड्याची सूचना निघाली की हरकतीला ३० दिवस मिळतात. माहितीच्या अधिकारात उत्तर द्यायलाही कार्यालयाला ३० दिवस असतात, म्हणून नकाशासाठी त्या वाटेला लागू नका. नकाशाचा प्रमाणित उतारा विकत मिळण्याची तरतूद कायद्यातच आहे. पहिल्याच आठवड्यात आपल्या गट नंबरचा भाग नकाशा लेखी मागा. भिंतीवरच्या नकाशाचा फोटो त्या दिवशीचे वर्तमानपत्र शेजारी धरून काढा. आज आमच्या हातात जो पुरावा आहे, तो असाच एक फोटो आहे.

सुनावणी झाली की काम संपले असे समजू नका, खरे फेरबदल तिथूनच सुरू होतात. आपल्या हरकतीवर सुनावणी घेणाऱ्या समितीने काय निर्णय दिला आणि कोणत्या कारणाने, हे लेखी मागा. माहितीचा अधिकार इथे वापरा. प्रसिद्ध झालेल्या आराखड्यात नसलेले नवे आरक्षण हा कलम २२-अ प्रमाणे मोठ्या स्वरूपाचा बदल ठरतो, आणि असा बदल शासनाला पुन्हा हरकती मागवल्याशिवाय मंजूर करता येत नाही. आमची सगळी भिस्त त्यावर आहे. आरक्षण कायम झालेच, तर कलम १२७ पाहा: १० वर्षांत जागा घेतली नाही तर सूचना द्यायची, त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते. तोवर त्या जमिनीला कोणी गिऱ्हाईक विचारत नाही.

आराखडा मंजूर झाल्यावरही कलम ३७ खाली फेरबदल होत राहतात. त्या जाहिराती बारीक टाइपात येतात, वाचत जा. आणि एकेकट्याने जाऊ नका. २०१५ मध्ये मुंबईकरांनी प्रारूप आराखड्यातल्या चुका एकेक करून चव्हाट्यावर आणल्या, तेव्हा एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो नव्याने करायला सांगावे लागले. गोव्यात लोक रस्त्यावर उतरले आणि २००७ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ मागे घ्यावा लागला.

एक राहिले. त्या कार्यालयात आमच्या बागेवर राबणाऱ्या बाईला सांगितले गेले, "मालक नाही, तर हरकत नाही." हे साफ खोटे आहे. कायदा हरकत देणाऱ्याकडे सात-बारा मागत नाही. भाडेकरू, मजूर, पांदणीने शाळेत जाणाऱ्या पोराचा बाप, कोणीही हरकत देऊ शकतो. नाही म्हणणाऱ्याकडून ते लेखी घ्या आणि अर्ज आवकला टाकूनच बाहेर पडा.