लॉग टेबलशी मैत्री अकरावीतच करा

राज्य मंडळाच्या बारावीच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरवर सूचना स्पष्ट छापलेली असते: लॉग टेबल वापरता येईल, कॅल्क्युलेटर नाही. तरीही ही परवानगी गृहीत धरून फसलेली मुलं मी ज्युनियर कॉलेजात शिकवताना आणि पर्यवेक्षण करताना सतत पाहिली.

एका मुलीचा प्रसंग अजून मनातून जात नाही. तिची लॉग टेबलची पुस्तिका कॉलनीतल्या दादाने वापरलेली, जुनी. पेपर रंगात आला आणि भरारी पथक आलं. पथकातल्या बाईंनी पुस्तिका चाळली, तर कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली सूत्रं. पुसट, पण वाचता येणारी. अक्षर तिचं नाही हे उत्तरपत्रिका पाहून केंद्रसंचालकांना पटलं, म्हणून कारवाई टळली. पुस्तिका मात्र गेली. पुढचे गुणाकार-भागाकार तिने हाताने केले आणि शेवटचं उदाहरण राहून गेलं. पोरीचा यात काडीचाही दोष नव्हता, याचंच वाईट वाटतं. पुस्तिका कुणाचीही असो, आदल्या दिवशी पान न् पान उलटून बघा. काही खरडलेलं दिसलं तर खोडत बसू नका, सरळ नवी आणा. हॉलमध्ये शेजाऱ्याची मागता येत नाही.

दुसरी गोष्ट सवयीची, आणि ती जास्त नडते. वर्षभर घरी आकडेमोड मोबाइलवर होते; लॉग टेबल उघडतं ते थेट पूर्वपरीक्षेला. मग काय होतं बघा. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा काढायची आहे: ६.६३ गुणिले ३, भागिले ५.८९. लॉग अनुक्रमे ०.८२१५, ०.४७७१ आणि ०.७७०१. पहिल्या दोघांची बेरीज १.२९८६, त्यातून तिसरा वजा केला की ०.५२८५. इथपर्यंत सगळे येतात. आता अँटिलॉगचं पान उघडायचं आणि ३.३७७ वाचायचं. घाईत हात लॉगच्याच पानावर राहतो, तिथे ७२३० दिसतं आणि उत्तर ७.२३ लिहिलं जातं. सूत्र बरोबर, किमती बरोबर, उत्तर चुकीचं. म्हणून आधी अंदाज घ्या: वीस भागिले सहा, म्हणजे तीनच्या थोडं वर. सात कसं येईल?

दहाचे घात मात्र लॉगमध्ये कालवू नका. उणे ३४, अधिक ८, अधिक ७ म्हणजे उणे १९, हे समासात वेगळं लिहा. नाहीतर उणे पूर्णांकावर येणाऱ्या बारच्या वजाबाकीत हुशार मुलंही अडकतात. मीन डिफरन्सचा रकाना वाचताना पट्टी ठेवा. बारीक छपाईत ओळ सहज चुकते.

आणि एका परीक्षेचा नियम दुसरीला लावू नका. आयएससी बोर्डात ठरावीक मॉडेलचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालतो. अमेरिकेच्या डिजिटल सॅटमध्ये तर तो पडद्यावरच असतो, भूमितीची सूत्रंही मिळतात. आपल्याकडच्या जेईई मेन आणि नीटला मात्र कॅल्क्युलेटरही नाही आणि लॉग टेबलही नाही. बोर्डासोबत त्याही देणार असाल, तर काही उदाहरणं पुस्तिका मिटून, नुसत्या कच्च्या कागदावर सोडवत जा, आणि माहितीपुस्तिकेतली बंदी असलेल्या वस्तूंची यादी त्या वर्षीचीच वाचा.