जुनी तार आधी काढू नका : वेधशाळेकडून शिकायचा एक पाठ



मागच्या वर्षी निकालाच्या आदल्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. शाळेत नवीन इंटरनेट आलं. नवा राउटर लागला तसा मी जुना काढून कपाटात ठेवला. सकाळी ऑफिसच्या संगणकाला प्रिंटरच सापडेना. प्रगतिपत्रकं हातानं लिहावी लागली. त्या घाईत एका मुलीची बेरीज चुकली आणि ती रडत घरी गेली. बेरीज नंतर दुरुस्त केली, पण तिचं ते रडणं अजून आठवतं. म्हणून हा पाठ.

बिघाड कुठे होता?

यंत्रं सगळी चांगली होती, बदलला होता फक्त पत्ता. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो. आपण महालातून नंदनवनात राहायला आलो आणि कोणाला कळवलंच नाही, तर पत्रं महालातच जाणार ना? तसंच झालं. संगणक प्रिंटरला जुन्या पत्त्यावर शोधत होता. मुलांना हे उदाहरण लगेच समजतं.

आता विचार करा, शाळेऐवजी एखादी दूरची वेधशाळा असेल तर? प्रगतिपत्रक पुन्हा लिहिता येतं, पण काल रात्री आकाशात जे घडलं ते पुन्हा मोजता येत नाही.

खोडदची दुर्बीण

पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. १४ मधोमध आहेत आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर. सगळ्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरनं मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तिथले संगणक ते एकत्र जुळवतात.

गेल्या दशकात या दुर्बिणीचं मोठं नूतनीकरण झालं. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा पाहता येई, आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पाहता येतो. त्यासाठी संकेत आणणारी आणि जुळवणारी यंत्रणा नवी लागली. पण दुर्बीण बंद ठेवून हे काम केलं नाही. त्याच फायबरमधून वेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशावर नवे संकेत पाठवले. मुलांना सांगताना म्हणा, एकाच नळीतून दोन रंगांचे उजेड. त्यामुळे जुनी यंत्रणा चालू राहिली आणि नवी तिच्या शेजारी तपासता आली.

शंभर वर्षांपूर्वीही हेच

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४१ पासून होत होत्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यामुळे नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून नवीन वेधशाळा अलिबागला बांधली. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. मगच कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी थांबल्या. ट्राम १९०७ मध्ये धावली.

दोन वर्षं दुहेरी काम कशाला? समजा, कुलाबा बंद करून दुसऱ्या दिवशी अलिबाग सुरू केलं आणि आकडा बदलला. तो पृथ्वीमुळे बदलला की जागेमुळे, हे कसं कळणार? दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की जागेचा फरक कळतो आणि जुन्या-नव्या नोंदींची साखळी तुटत नाही.

संगणक हलवताना

१. आधी यादी करा : कोणतं यंत्र, त्याचा पत्ता काय, त्याच्यावर कोण अवलंबून आहे.
२. माहितीची प्रत दुसरीकडे ठेवा आणि ती उघडून बघा.
३. सगळं एकदम नको. कमी महत्त्वाचं यंत्र आधी हलवा.
४. घड्याळ जुळवा. चुकीची वेळ पडलेला वेध कामाचा राहत नाही.
५. जुनी तार सगळ्यात शेवटी काढा. परत फिरायची वाट मोकळी ठेवा.

वर्गातला उपक्रम

दोन तापमापी घ्या. एक आठवडा दोन्ही खिडकीशी शेजारी ठेवून रोज ठरलेल्या वेळी नोंद घ्या. यंत्रायंत्रातला फरक कळेल. दुसऱ्या आठवड्यात एक व्हरांड्यात न्या, दुसरी तिथेच राहू द्या. शेवटी विचारा, "फक्त व्हरांड्यातलीच नोंद असती, तर गरमी वाढली की जागा बदलली, हे कसं सांगितलं असतं?" नागपूरच्या मार्चमध्ये हा प्रश्न चांगलाच रंगतो.

यंदा शाळेत नवं काही लावलं की मी जुनं आठवडाभर तसंच राहू देते. मुलं विचारतात, "मॅडम, हे काढायचं नाही का?" मी सांगते, "काढू, आधी नवं नीट चालतं का ते बघू."