बिघडलेल्या पेशींचा चांगला कॉम्प्युटर

डिजिटलच्या पेपरात सर्किट काढताना आपण एक गोष्ट न सांगता गृहीत धरतो: प्रत्येक गेट बरोबर चालतं. नॅनो पातळीवर हे गृहीतक टिकत नाही. म्हणून मला हा विषय आवडला.

सेल्युलर ऑटोमॅटन म्हणजे एकसारख्या पेशींची जाळी. आलेखाच्या कागदावरचे चौकोन डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पेशी फक्त शेजारणींकडे बघून आपली पुढची स्थिती, 0 की 1, ठरवते. आता हिशोब करा. 1 लाख कोटी पेशींत दहा लाखांमागे एकच खराब निघाली, तरी 10 लाख पेशी खराब! त्या बदलत कोण बसणार?

बिघाड दोन प्रकारचे.

1) क्षणिक: पेशी ठीक असते, पण उष्णतेमुळे मध्येच 0 चा 1 होतो. जॉन फॉन नॉयमन यांनी 1956 च्या लेखात बहुमताचा मार्ग दाखवला. एकच काम तीन गेट्सना द्या, दोघांचं जुळेल ते खरं माना. प्रत्येक गेट स्वतंत्रपणे 1 टक्का वेळा चुकत असेल, तर तिघांची मिळून चूक साधारण 0.03 टक्के. पण मतं मोजणारं गेटच चुकलं तर?

जाळीत यावर आंद्रेइ टूम या गणितज्ञाचा नियम आहे. पेशीने स्वतःचं, उत्तरेच्या आणि पूर्वेच्या शेजारणीचं मत घ्यायचं. वेगळा मोजणारा नाहीच. 0 च्या मैदानात 1 चं चौकोनी बेट काढा. ईशान्य कोपऱ्यातल्या पेशीच्या या दोन्ही शेजारणी 0, म्हणून तीही 0 होते. असं झिजत बेट संपतं. चारही शेजारणींना मत दिलं, तर तेच बेट जागचं हलत नाही. करून बघा!

2) कायमचा: मेलेली पेशी बहुमत ऐकत नाही. तिला शोधून वळसा घालावा लागतो. ह्युलेट-पॅकार्डच्या टेरामॅक कॉम्प्युटरने हे करून दाखवलं. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणे त्यात सुमारे 2 लाख 20 हजार दोष होते. चाचण्यांनी दोषांचा नकाशा केला, प्रोग्राम त्यांना टाळून बसवला, आणि काही कामांत तो वर्कस्टेशनच्या 100 पट वेगाने चालला. टेरामॅक नॅनो नव्हता, सेल्युलर ऑटोमॅटनही नव्हता. त्याची ताकद होती भरपूर जोडण्या.

खरी अडचण इथेच आहे. आपल्या पेशीला शेजारणी चारच. आजूबाजूच्या मेल्या की वाटच बंद. म्हणून मला वाटतं, निर्दोष पेशी बनवण्याइतकंच जादा पेशी आणि जादा वाटा ठेवणं हेही इंजिनिअरिंगच आहे. पुढचं सर्किट काढताना एवढं जरूर विचारा: यातलं एक गेट मेलं तर?