झाडावरचा बेडूक

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की सह्याद्रीच्या माथ्यावरील आंबोलीचे रान रात्रभर नाना आवाजांनी भरून जाते. डबक्यांतून 'डराव डराव' तर चालूच असते; परंतु मधूनच वरून, एखाद्या फांदीवरून, 'टक टक टक' असा कोरडा ध्वनी ऐकू येतो. जणू कोणी लाकडावर टिचक्या मारीत आहे! त्या रोखाने विजेरीचा प्रकाश टाकला, तरी प्रथम पानेच पाने दिसतात. मग त्यांतलेच एक पान हलते व दोन मोठे डोळे चमकतात. हाच मलबारी उडता बेडूक.

याला ओळखावे कसे? नुसत्या हिरव्या रंगावर विसंबून चालत नाही. या रानात हिरवे बेडूक आणखीही आहेत. पाहावीत ती बोटे. प्रत्येक बोटाच्या टोकाला वाटोळी चकती असते. तिच्या बळावर तो गुळगुळीत पानालाही चिकटून राहतो. डबक्यातल्या बेडकाला पडदा असतो तो मागच्या पायांच्या बोटांत. याला मात्र चारही पायांना पडदे असतात आणि त्यांचा रंग नारिंगी-तांबडा असतो. अंग आखडून बसला म्हणजे ते झाकून जातात आणि जाणताही फसतो. उंच फांदीवरून झेप घेताना तो बोटे फाकतो, पडदे ताणले जातात आणि नऊ ते बारा मीटरपर्यंत तो तरंगत जातो. तेव्हा 'उडता' हे नाव तसे चुकीचेच. पक्ष्याप्रमाणे वर चढणे त्याला साधत नाही.

जर्डन या प्राणिशास्त्रज्ञाने १८७० साली या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे २००० साली तमिळनाडूतील अण्णामलईच्या डोंगरांतील एक बेडूक निराळ्या जातीचा म्हणून नोंदला गेला. रूप जवळजवळ तेच. परंतु त्याच्या हिरव्या अंगावर काळ्या, वाकड्यातिकड्या रेघांचे जाळे असते. एवढ्याशा रेघा, पण त्या नजरेतून सुटता कामा नयेत!

मलबारी बेडकाचे वसतिस्थान म्हणजे पश्चिम घाटातील ओली राने. जगात अन्यत्र तो आढळत नाही. पावसाळ्यात मादी डबक्यावर किंवा विहिरीवर झुकलेली फांदी निवडते. अंगातून पाझरणारा द्रव ती मागच्या पायांनी घुसळते, आणि पाहता पाहता पांढऱ्या फेसाचा गोळा तयार होतो. अंडी त्यातच असतात. पुष्कळदा भोवतीची पानेही त्याला चिकटतात. बाहेरचा थर वाळतो, आतला ओलावा टिकतो. मात्र पावसाने दीर्घकाळ डोळे वटारले, तर आतील अंडीही सुकून जातात; आणि कोणी ती फांदीच तोडली, तर सारेच संपले.

पाऊस वेळेवर आला, तर फेस सैल होऊ लागतो. आतील इवलेसे बेडूकमासे वळवळत कडेला येतात आणि थेंबांबरोबर टपटप खालच्या पाण्यात पडतात.